कारखाना दिसला, छावणी राहिली

४ एप्रिल १९४४ रोजी इटलीतील फोजा येथून दक्षिण आफ्रिकी हवाई दलाच्या ६० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे एक मॉस्किटो विमान उत्तरेकडे झेपावले. विमानात दोघेच होते, वैमानिक आणि दिशादर्शक. बॉम्ब नव्हते, तोफा नव्हत्या. विमानाच्या पोटात होते ते कॅमेरे. दक्षिण पोलंडचा जो भाग जर्मनीने आपल्या राज्याला जोडून घेतला होता, तेथे आय. जी. फार्बेन ही जर्मन रसायन कंपनी कृत्रिम रबर आणि कृत्रिम इंधनाचा एक अवाढव्य कारखाना उभारत होती. त्या बांधकामाची छायाचित्रे आणणे एवढेच या दोघांचे काम होते.

टेहळणीच्या उड्डाणात लक्ष्य नेमके डोक्यावर आल्यावर कॅमेरा सुरू करून चालत नाही. छायाचित्रात लक्ष्याची कड कापली जाऊ नये म्हणून तो थोडा आधी सुरू करतात आणि थोडा उशिरा बंद करतात. त्या दिवशीही तसेच झाले. सुमारे आठ किलोमीटर उंचीवरून कॅमेऱ्याने कारखाना टिपला, पण फिल्मच्या काही चौकटींत कारखान्याच्या पश्चिमेला असलेल्या विटांच्या इमारतींच्या रांगाही उतरल्या. ती ऑशविट्झची मुख्य छावणी होती.

फिल्म धुतली गेली, प्रिंट निघाल्या, तज्ज्ञांनी त्या भिंगाखाली पाहिल्या आणि अहवाल लिहिला. अहवालात वीजनिर्मिती केंद्र होते, कार्बाइडचा विभाग होता, रबराचा आणि इंधनाचा विभाग होता, काय बांधून झाले आणि काय अपुरे आहे याचा हिशेब होता. विटांच्या इमारतींबद्दल एक अक्षरही नव्हते. त्यांच्याविषयी कोणी विचारलेच नव्हते.

पुढे काही महिने त्या परिसरावरून अशी विमाने पुन्हा पुन्हा गेली आणि छावणी फिल्मवर येत राहिली. तिचा अर्थ लावणारा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला तो १९७९ साली. मधल्या पस्तीस वर्षांत निगेटिव्ह बदलल्या नव्हत्या. हवाई छायाचित्र हा पुरावा म्हणून कसा वापरावा आणि कुठे जपून वापरावा, हे या एका प्रकरणाइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते. म्हणून ते क्रमाने पाहण्यासारखे आहे.

०००

हवाई छायाचित्र वाचणे म्हणजे काय, हे आधी थोडक्यात समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये या कामाचे मुख्य केंद्र होते टेम्स नदीकाठच्या मेडमेनहॅम येथील एका हवेलीत. तेथे काम तीन टप्प्यांत चाले. विमान उतरल्यावर काही तासांत पहिली नजर टाकायची, ती तातडीच्या हालचालींसाठी. चोवीस तासांत दुसरी, अधिक सविस्तर. त्यानंतर प्रिंट त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांकडे जात. कोणी फक्त जहाजे पाही, कोणी फक्त विमाने, कोणी रेल्वे, कोणी कारखाने. या तज्ज्ञांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. विमानांच्या विभागाची प्रमुख कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ही युद्धाआधी विमानविषयक पत्रकारिता करणारी बाई होती.

साधने साधी होती. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत जमिनीचा सुमारे साठ टक्के भाग सामाईक असतो. ती दोन्ही शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून पाहिली, की सपाट कागदावरून इमारती उभ्या राहतात. भूगोल किंवा भूशास्त्र शिकलेल्यांना तो क्षण आठवत असेल: डोळे थोडा वेळ चाचपडतात आणि मग अचानक डोंगर वर येतो, दरी खाली जाते. दुसरे साधन सावली. सूर्य कुठे होता हे ठाऊक असेल तर सावलीच्या लांबीवरून धुराड्याची उंची काढता येते. या सावलीची एक गंमतही आहे. प्रिंट अशी धरावी लागते की सावल्या पाहणाऱ्याच्या दिशेने पडाव्यात. उलट धरली तर खड्डे टेकड्यांसारखे आणि टेकड्या खड्ड्यांसारख्या दिसू लागतात. नवशिक्यांना हे पहिल्याच दिवशी सांगत.

तिसरे साधन तुलना. बांधकामाच्या जागेसाठी हे सर्वांत मोलाचे. एका छायाचित्रात बांधकाम नुसतेच विस्कटलेले दिसते. महिन्या-महिन्याच्या अंतराने काढलेली चार छायाचित्रे शेजारी ठेवली की क्रम लागतो. आधी मुख्य लोहमार्गावरून एक फाटा निघतो. मग कामगारांसाठी बराकी उठतात. पांढुरक्या मातीचे ढीग वाढतात, पायाचे चर खणले जातात, सांगाडे चढतात, छपरे पडतात. शेवटी एके दिवशी धुराड्यातून धूर दिसतो आणि वाचक लिहितो: उत्पादन सुरू झाले असावे. एखादा कारखाना कधी सुरू होईल याचा अंदाज बांधणे हे कारखान्यांच्या विभागाचे नित्याचे काम होते. त्या अंदाजावर बॉम्बहल्ल्याची तारीख अवलंबून असे.

या क्रमातील एका पायरीकडे लक्ष द्यायला हवे. ती म्हणजे कामगारांच्या बराकी. १९४४च्या उन्हाळ्यात जर्मन राज्यात पंचाहत्तर लाखांहून अधिक परदेशी कामगार आणि युद्धकैदी राबत होते. कुठल्याही मोठ्या बांधकामाशेजारी लाकडी बराकींच्या सरळ रांगा, भोवती कुंपण आणि कोपऱ्यांवर मनोरे हे दृश्य इतके सवयीचे झाले होते की, छायाचित्र वाचणाऱ्याच्या लेखी ते बांधकामाचे एक लक्षण ठरले. बराकी दिसल्या म्हणजे काम मोठे आहे, एवढाच त्यांचा अर्थ उरला.

०००

आता त्या कारखान्याकडे येऊ. १९४१च्या आरंभी आय. जी. फार्बेनने ऑशविट्झ शहराच्या पूर्वेला, मोनोवित्झ गावाच्या जागी कारखाना बांधायचे ठरवले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये काम सुरू झाले. जागा निवडताना पाणी, कोळसा, चुनखडी आणि रेल्वे यांचा विचार झाला होता. जवळच्या छावणीतून मिळणाऱ्या मजुरांचाही झाला होता. आरंभी कैद्यांना मुख्य छावणीतून रोज सहा-सात किलोमीटर दूर कामावर नेत. ऑक्टोबर १९४२च्या अखेरीस बांधकामाला लागूनच स्वतंत्र छावणी उघडली, ती मोनोवित्झची. एस.एस. ही संघटना कैदी पुरवी आणि कंपनी दरडोई दररोजचे पैसे एस.एस.ला देई. कैद्याच्या हातात काहीच पडत नसे. आपल्याकडच्या वेठबिगार या शब्दाने एरवी बराच अर्थ पोचतो. येथे तो तोकडा पडतो. वेठबिगाराला निदान पुढच्या हंगामापर्यंत जिवंत ठेवण्यात मालकाचा फायदा असतो. मोनोवित्झमध्ये जो थकला त्याला बिर्केनाऊला धाडून त्याच्या जागी दुसरा आणता येत असे.

१९४४च्या उन्हाळ्यात या छावणीत सुमारे अकरा हजार कैदी होते. इटालियन रसायनशास्त्रज्ञ प्रिमो लेव्ही त्यांतले एक. फेब्रुवारी १९४४ अखेर ते येथे आले, म्हणजे ४ एप्रिलला ते विमान वरून गेले तेव्हा लेव्ही याच छावणीत होते. पुढे त्यांनी आपल्या आठवणींत या कारखान्याचे वर्णन केले. तीन वर्षांहून अधिक काळ हजारो माणसांच्या जिवावर चाललेल्या या बांधकामातून कृत्रिम रबर शेवटपर्यंत निघालेच नाही. १९४३च्या शरद ऋतूपासून तेथे मिथेनॉल तयार होऊ लागले होते आणि ते युद्धाला उपयोगी होते. पण ज्या रबराच्या नावाने कारखाना ओळखला जाई ते नाही.

छायाचित्र वाचणाऱ्यांनी या कारखान्याची प्रगती विलक्षण अचूक टिपली. विभाग ओळखले, अपुरे भाग दाखवले. बांधकाम वाचण्याची त्यांची विद्या पक्की होती. बांधणारे मात्र तिच्या कक्षेत येत नव्हते.

०००

ते विमान जाऊन तीन दिवस झाले होते. ७ एप्रिल १९४४ रोजी मोनोवित्झपासून आठेक किलोमीटरवर, बिर्केनाऊच्या छावणीत, दोन स्लोव्हाक ज्यू कैदी एका लाकडांच्या ढिगात शिरले. एकाचे नाव आल्फ्रेड वेट्झलर आणि दुसऱ्याचे, त्याने पुढे धारण केलेले, रुडॉल्फ व्रबा. बिर्केनाऊचा विस्तार करायचे काम चालू होते. कैदी त्या अपुऱ्या भागाला ‘मेक्सिको’ म्हणत. तेथे बांधकामासाठी फळ्या रचून ठेवल्या होत्या आणि त्या रचाईत आत पोकळी राखली होती. कुत्र्यांना वास लागू नये म्हणून भोवती पेट्रोलमध्ये भिजवून वाळवलेली रशियन तंबाखू पसरली होती. कैदी पळाला की बाहेरचा पहारा तीन दिवस चालू ठेवायचा आणि मग उठवायचा, असा नियम होता. हे दोघे तीन दिवस त्या ढिगात बसून राहिले आणि १० एप्रिलच्या रात्री बाहेर पडून चालत स्लोव्हाकियाकडे निघाले.

एप्रिलच्या अखेरीस झिलिना शहरात त्यांनी सर्व हकीकत सांगितली. तिचा अहवाल झाला. त्यात छावणीचा नकाशा होता, दहनभट्ट्यांच्या इमारतींचे रेखाटन होते, कुठल्या देशातून किती माणसे आणली गेली याचे आकडे होते. जमिनीवरून, आठवणीने काढलेला हा नकाशा. आणि त्याच वेळी त्याच जागेचे आकाशातून काढलेले छायाचित्र दुसऱ्या एका कार्यालयाच्या कपाटात. दोन्ही कागद एका टेबलावर आले असते तर प्रत्येकाने दुसऱ्याचा अर्थ उलगडला असता. तसे झाले नाही.

१५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यू रेल्वेने हद्दपार झाले. त्यांतील बहुतेकांना बिर्केनाऊला आणले गेले आणि आलेल्यांपैकी बहुसंख्यांना त्याच दिवशी मारले गेले. या गाड्यांसाठी बिर्केनाऊच्या फाटकातून थेट आत जाणारा रेल्वेचा नवा फाटा मे महिन्यात तयार झाला होता. बांधकाम वाचणाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एका जागेला नवे सायडिंग जोडले गेले होते. असे सायडिंग दिसले की एरवी पहिला प्रश्न पडतो तो, येथे काय आणले जाते आणि येथून काय बाहेर जाते? ३१ मे रोजी बिर्केनाऊ फिल्मवर आले. २६ जून रोजी तर कारखाना, मुख्य छावणी आणि बिर्केनाऊ हा सारा परिसर टिपला गेला. हंगेरीच्या गाड्या तेव्हा रोज येत होत्या. नजर मात्र पुन्हा कारखान्यावरच खिळली.

व्रबा आणि वेट्झलर यांच्या अहवालाचा गोषवारा जून महिन्यात स्वित्झर्लंडमार्गे लंडन-वॉशिंग्टनला पोचला. छावणीवर किंवा तिकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बॉम्ब टाकावेत, अशी विनंती अनेक ज्यू संस्थांनी केली. चर्चिल यांनी जुलैच्या आरंभी परराष्ट्रमंत्री ईडन यांना हवाई दलाकडून शक्य ते करून घ्या असे कळवले. ऑगस्टमध्ये लंडनमध्ये अडचण सांगितली गेली ती ही, की जागेची पुरेशी माहिती हाताशी नाही. ज्यू एजन्सीने आराखडा मिळवून दिला. तो परराष्ट्र खात्याच्या फायलीतच राहिला, हवाई मंत्रालयाला गेला नाही. हवाई मंत्रालयाच्या हाताखालच्या मेडमेनहॅममध्ये त्याच जागेच्या प्रिंट होत्या. १ सप्टेंबरला तांत्रिक अडचणींचे कारण देऊन नकार कळवण्यात आला.

अमेरिकेतही तेच. युद्धखात्याचे सहायक सचिव जॉन मॅक्लॉय यांनी १४ ऑगस्टच्या पत्रात असा हल्ला व्यवहार्य नसल्याचे सांगितले. त्यासाठी दुसरीकडे गुंतलेली विमाने काढून घ्यावी लागतील आणि उपयोगही शंकास्पद ठरेल, हे त्याचे कारण. सहा दिवसांनी, २० ऑगस्ट रोजी, १२७ अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी मोनोवित्झच्या कारखान्यावर पाचशे पौंडी १,३३६ बॉम्ब टाकले. १३ सप्टेंबरला ९६ विमाने पुन्हा आली. त्या दिवशीच्या एका छायाचित्रात विमानातून सुटलेले बॉम्ब हवेत तरंगताना दिसतात आणि त्यांच्या खाली बिर्केनाऊच्या बराकी पसरलेल्या आहेत. बॉम्ब बिर्केनाऊसाठी नव्हते.

छावणीवर हल्ला झाला असता तर काय घडले असते, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. उंचावरून टाकलेल्या बॉम्बनी कैदीच अधिक मेले असते, असे एक मत. मोडलेली दहनभट्टी पुन्हा बांधायला महिने लागले असते आणि तेवढ्या काळात हजारो वाचले असते, असे दुसरे. त्या वादात येथे शिरायचे कारण नाही. आपला मुद्दा त्याआधीचा आहे: निर्णय घेणाऱ्यांनी जी माहिती नाही म्हटले, ती होती.

०००

दोष कुणाचा? छायाचित्र वाचणाऱ्यांना दोषी ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्यांच्यासमोर रोज हजारो प्रिंट येत. हातातली भिंगे सातपट मोठे दाखवणारी होती. समजा, ३६ इंच नाभीय अंतराचे भिंग लावलेला कॅमेरा ३०,००० फुटांवरून छायाचित्र घेतो. मग प्रमाण येते एकास दहा हजार, म्हणजे प्रिंटवरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचे दहा मीटर. बिर्केनाऊची लाकडी बराक सुमारे चाळीस मीटर लांब आणि साडेनऊ मीटर रुंद होती. प्रिंटवर ती चार मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद अशी रेघ झाली. माणसांची रांग म्हणजे केसाइतकी बारीक करडी छटा. शिवाय माणसे मारण्यासाठी बांधलेला कारखाना आकाशातून कसा दिसतो, हे त्याआधी कुणी पाहिलेले नव्हते. ताडून पाहायला नमुनाच नव्हता.

तरीही हे उत्तर पुरेसे नाही, आणि त्याला साक्ष मेडमेनहॅमचीच आहे. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील पेनेमुंडे येथे जर्मनांचे अग्निबाणांचे संशोधन चाले. १५ मे १९४२ रोजी एका ब्रिटिश वैमानिकाने दुसऱ्या कामावर जाता जाता तेथील मोठे बांधकाम पाहून छायाचित्रे घेतली. त्यांत मातीच्या गोल भिंती दिसत होत्या. त्यांचा अर्थ लागला नाही, प्रिंट कपाटात गेल्या. वर्षभराने, गुप्त खबरा येऊ लागल्यावर, ‘अग्निबाण शोधा’ असे सांगितले गेले आणि जून १९४३च्या छायाचित्रांत तो सापडला. नोव्हेंबर १९४३ मध्ये बॅबिंग्टन स्मिथ यांना अगदी छोटे विमान शोधायला सांगितले. त्यांनी आधी पाहून झालेल्या प्रिंट पुन्हा काढल्या आणि मिलिमीटरभराहूनही लहान अशी एक पांढुरकी फुली शोधली. ते पुढे लंडनवर कोसळलेले व्ही-वन होते.

म्हणजे मिलिमीटरहून लहान गोष्ट त्या भिंगातून दिसत होती. ती कशासाठी पाहायची हे कुणी सांगितले पाहिजे होते. पेनेमुंडेबद्दल ते सांगितले गेले, कारण तेथून लंडनला धोका होता. बिर्केनाऊबद्दल मेडमेनहॅमच्या टेबलापर्यंत कोणी गेले नाही. आपल्याकडे दृष्टीआड सृष्टी म्हणतात. येथे सृष्टी दृष्टीसमोर होती, तरी आडच राहिली.

०००

१९७८ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर ज्यूंच्या संहारावरची एक मालिका दाखवली गेली. त्याच वर्षी डेव्हिड वायमन या इतिहासकाराचा, ऑशविट्झवर बॉम्ब का टाकले नाहीत याची चिकित्सा करणारा लेखही प्रसिद्ध झाला. डिनो ब्रुजिओनी हे अमेरिकेच्या सी.आय.ए.तील छायाचित्रतज्ज्ञ. १९६२ सालच्या क्यूबातील क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात छायाचित्रे वाचणाऱ्या केंद्रात ते काम करत होते. मालिका पाहून त्यांच्या मनात आले, की मोनोवित्झचा कारखाना तर बॉम्बहल्ल्याचे लक्ष्य होता. मग छायाचित्रे असणारच. रॉबर्ट पॉयरियर या सहकाऱ्यासह त्यांनी संरक्षण खात्याच्या साठ्यातून जुन्या फिल्मचे डबे काढवले. शोध छावणीच्या नावाने करून उपयोग नव्हता, त्या नावाने काही नोंदलेलेच नव्हते. कारखान्यावरून छावणीकडे जावे लागले.

आता हाताशी शक्तिमान सूक्ष्मदर्शक होते आणि प्रिंटऐवजी मूळ फिल्म मोठी करून पाहता येत होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, युद्धानंतरच्या खटल्यांतील साक्षी, वाचलेल्यांची निवेदने आणि छावणीचे आराखडे समोर होते. २५ ऑगस्ट १९४४च्या चौकटींत त्यांना मालडब्यांची लांब रांग दिसली. दहनभट्टी क्रमांक दोनच्या आवाराकडे जाणारी माणसांची रांग दिसली. जमिनीखालच्या गॅस चेंबरच्या छपरावर चार गडद ठिपके दिसले. २१ डिसेंबर १९४४च्या चौकटीत दहनभट्ट्या मोडायचे काम चालू असलेले दिसले. पुरावा नष्ट करण्याचे ते काम. बांधकामाचा क्रम आता उलट्या दिशेने चालला होता: छपरे निघत होती, सांगाडे उघडे पडत होते. फेब्रुवारी १९७९ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि वर्तमानपत्रांतून ती छायाचित्रे जगभर गेली.

येथे गोष्ट संपवता आली असती, पण या दुसऱ्या वाचनालाही प्रश्न विचारले पाहिजेत. उत्तर ठाऊक असताना छायाचित्र पाहणे वेगळे. मग प्रत्येक करडी छटा त्या उत्तराकडे झुकते. ती रांग त्या क्षणी कुठे निघाली होती, हे एकटे छायाचित्र सांगू शकत नाही. कामावरून परतणारे कैदीही रांगेतच चालत. ब्रुजिओनी आणि पॉयरियर यांनी लावलेली काही नावे त्यामुळे ठाम असण्यापेक्षा संभाव्य मानणे बरे. ती बळकट होतात ती साक्षींच्या आधारावर, नुसत्या भिंगाच्या नव्हे.

हा सावधपणा केवळ शास्त्रापुरता नाही. संहार झालाच नाही असे म्हणणाऱ्यांनी याच छायाचित्रांचा आधार घेतला. धुराड्यांतून धूर कुठे दिसतो, असे ते विचारू लागले. यातली चूक उघड आहे. प्रत्येक चौकट सेकंदाच्या अंशाची. पुढे २३ ऑगस्ट १९४४चे छायाचित्र पुढे आले. त्यात दहनभट्टी क्रमांक पाचच्या मागून उघड्यावर उठणारा पांढरा धूर स्वच्छ दिसतो. दोन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या चौकटी इतक्या वेगळ्या असू शकतात. एखादी गोष्ट चौकटीत नसणे आणि ती घडलेली नसणे यांत मोठे अंतर आहे. ते विसरले की फसगत ठरलेली.

दुसरा वाद त्या चार ठिपक्यांचा. विषारी द्रव्य छपरातील भोकांतून आत टाकत, असे साक्षीदार सांगत होते. भोके नव्हतीच, ठिपके नंतर रंगवले आहेत, असा आरोप झाला. हा युक्तिवाद २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयातील आयर्विंग खटल्यातही आला आणि न्यायमूर्ती ग्रे यांनी निकाल आयर्विंग यांच्याविरुद्ध दिला. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील एका तज्ज्ञाने फिल्म संगणकावर तपासली, तेव्हा ठिपके मूळचेच असल्याचे दिसले. तरी एक शंका उरत होती: ठिपके खऱ्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठे का? २००४ साली तीन अभ्यासकांनी या प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. जानेवारी १९४५ मध्ये सुरुंगाने उडवलेल्या छपराचे तुकडे आजही जागेवर पडून आहेत. त्या काँक्रीटमध्ये सळ्यांची टोके कुठे बांधकामाच्या वेळीच वाकवून भोकाची कड केली आहे, हे त्यांनी मोजले. मग एस.एस.च्या बांधकाम कार्यालयाने स्वतःच काढलेले छायाचित्र घेतले. फेब्रुवारी १९४३ च्या सुमाराचे ते छायाचित्र. समोर बांधकामावरचे छोटे इंजिन उभे आहे आणि मागे, मातीने झाकायच्या आधीच्या छपरावर, खोक्यांसारख्या वस्तू दिसतात. शेवटी हवाई छायाचित्र. तिन्ही एकमेकांवर बसवल्यावर चारपैकी तीन भोकांच्या जागा पडक्या काँक्रीटमध्ये सापडल्या. गडद ठिपके भोकांचे नव्हते, भोकांभोवतीच्या वापरलेल्या, तुडवलेल्या जागेचे असावेत. वरून दिसते ते पुष्कळदा वस्तूच्या वापराची खूण असते. हे शेतातली पायवाट विमानातून पाहिलेल्या कुणालाही पटेल.

१९४४ साली आकाशातले छायाचित्र जमिनीवरच्या साक्षीपासून तुटलेले होते म्हणून निरुपयोगी ठरले. २००४ मध्ये ते अवशेषांशी, बांधकामाच्या छायाचित्रांशी आणि साक्षींशी जोडले गेले म्हणून बोलके झाले. हवाई छायाचित्राला साक्षीदार म्हणायची पद्धत आहे. असलाच तर तो फार कमी बोलणारा साक्षीदार आहे, विचाराल तेवढ्याचेच उत्तर देणारा. आणि त्याचे उत्तरही इतरांच्या साक्षीशी ताडून घ्यावे लागते.

०००

युद्धातील या छायाचित्रांचा मोठा साठा मेडमेनहॅमहून पुढे कील विद्यापीठात गेला आणि २००८ पासून तो स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गला आहे. अमेरिकेतील साठा तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. या प्रिंटना आज मागणी आहे, पण ती मुख्यतः इतिहासकारांची नाही. जर्मनीत नवी इमारत, पूल किंवा रस्ता बांधण्यापूर्वी जमिनीत न फुटलेला बॉम्ब आहे का हे पाहावे लागते, आणि त्यासाठी १९४४-४५ची हवाई छायाचित्रे मागवतात. तज्ज्ञ त्यांत छोटा गोल खड्डा शोधतात. फुटलेल्या बॉम्बचा खड्डा मोठा, न फुटलेल्याचा जमिनीत शिरल्याची खूण म्हणून उरलेला छोटा. पुन्हा बांधकामाचीच जागा, पुन्हा मिलिमीटरभराचा शोध, आणि पुन्हा विचारलेला एकच प्रश्न.

त्याच प्रिंटच्या कडेला पुष्कळदा बराकींची एखादी रांग असते, कुंपण असते, कोपऱ्यावर मनोरा असतो. मागणी बॉम्बची असते, त्यामुळे तिकडे पाहायला कुणी सांगितलेले नसते. प्रिंट समोर असताना कडा पाहून घ्यायला मात्र मिनिटभर पुरते.